अपंग दाखला, पेन्शन, अपघाताचा क्लेम: वकील कधी लागतो नी चांगला कसा शोधायचा

सरकारी दवाखान्याच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानात मी दादाचे कागद काढत उभी होते, तेवढ्यात एक जण शेजारी येऊन हळूच म्हणाला, ताई किती टक्के पाहिजेत? मला आधी कळेचना, म्हटलं कसले टक्के. तर म्हणे दाखल्यावरचे हो, साठ का ऐंशी, ऐंशीचा रेट वेगळा पडतो. आता माझ्या दादाचा उजवा पाय गुडघ्याखालून गेलाय, टेंपो चालवायचा तो, हायवेला मागून ट्रकने उडवलं, त्याला टक्के विकत घ्यायची काय गरज. पण त्यानंतरच्या वर्षभरात अशी इतकी माणसं भेटली की विचारू नका, कोणी फाईल पास करून देतो, कोणी पेन्शन लावून देतो, कोणी क्लेमचे वीस लाख काढून देतो, आणि सगळे स्वतःला वकील नाहीतर वकिलाचा माणूस म्हणवतात.

आता ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतं की चांगला वकील सांग ना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे महाराष्ट्रातलं आहे, बाकी राज्यांत कायदा बराचसा तोच पण ऑफिसं नी योजना वेगळ्या. (मी अपंग म्हणते, सरकार दिव्यांग म्हणतं, दादा म्हणतो मला नावाने हाक मारा.)

पहिली गोष्ट म्हणजे वकील शोधायच्या आधी काम कुठलंय ते बघा, कारण निम्म्या कामांना वकील लागतच नाही आणि लोक नेमके तिथेच पैसे घालवतात. दाखला, म्हणजे ते यूडीआयडी कार्ड, त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, त्याला फी नाही, नंतर सरकारी हॉस्पिटलमधे तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच योजनांचं दार उघडतं. टक्केवारी कमी लागली असं वाटत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ खाली अपील करता येतं, ते रीतसर करा. गेटवरच्या त्या माणसाकडून मात्र चुकूनही घेऊ नका, कारण त्याच कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, आणि अडकतो तो ज्याच्या नावावर दाखला आहे तो, एजंट कुठच्या कुठे पळालेला असतो.

पेन्शन, म्हणजे संजय गांधी निराधार, तिचं काम तहसीलला. अपंगांसाठी वर्षाला ५० हजार उत्पन्नाची मर्यादा आहे आणि महिन्याला १५०० मिळायचे ते २५०० करायचा निर्णय २०२५ मधे झाला. इथे वकील काय करणार? अर्ज सेतूत द्यायचा, पोहोच घ्यायची (शिक्का मारलेली, तोंडी नाही), आणि तीन-चार महिने कोणी काही बोललंच नाही तर माहिती अधिकारात एक साधा अर्ज टाकायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली आणि तो आत्ता कोणाच्या टेबलावर आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या काकूंचा एक वर्ष पडलेला अर्ज या एका कागदाने हलला, आणि त्याआधी त्या एजंटला तीन हजार देऊन बसलेल्या.

विमा. हे फार लोकांना माहीत नाही, बँकेच्या खात्यातून मे महिन्याच्या शेवटी वीस रुपये कापले जात असतील तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना असते. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख. दादाच्या पासबुकात ती वीस रुपयांची ओळ मला दवाखान्यात असताना दिसली, योगायोगाने, कारण मी औषधांच्या पैशासाठी बॅलन्स बघत होते. बँकेला तीस दिवसांत कळवायचं असतं, म्हणून घरात असं काही झालं तर पहिल्या आठवड्यात पासबुक उघडा. शेतकरी घर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनाही आहे, तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, मुदत तिथेही तीस दिवसच. आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला तर कोर्टाच्या आधी विमा लोकपाल आहे, मुंबईला आहे पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचं ऐकतात, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

ऑफिसवालेच कायदा पाळत नाहीत, म्हणजे कॉलेज सवलत देत नाही, नोकरीत त्रास देतात, असं असेल तर पुण्याला कॅम्पात चर्च पथावर दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे साध्या कागदावर तक्रार पाठवता येते. केंद्र सरकारचं ऑफिस असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. यांना समन्स काढायचे अधिकार आहेत पण निकाल म्हणून जे देतात ती शिफारस असते, समोरच्याने मानली नाही तर कारण कळवावं लागतं, तेव्हा अगदी रामबाण नाही पण बिनपैशाची पहिली पायरी म्हणून चांगली आहे. मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीवाली मुलं अठराची झाली की आईबापांना पालकत्वाचा कागद लागतो, त्यालाही बरेच जण सरळ कोर्टात वकील घालतात, खरंतर कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते नॅशनल ट्रस्ट कायद्याची, तिच्याकडे अर्ज करा.

मग वकील लागतो कुठे? अपघाताच्या क्लेमला, म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणात. रेल्वेतून पडून वगैरे अपंगत्व आलं तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलला. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं नी काढून टाकलं किंवा खालच्या पदावर टाकलं (कलम २० प्रमाणे तसं करता येत नाही) तर. आणि कुठलाही विषय हायकोर्टापर्यंत गेला तर. इथे स्वतःच्या जोरावर जाऊ नका, आणि वेळ घालवू नका, गाडीच्या अपघाताच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलीय, रेल्वेला एक वर्ष.

आता मुख्य मुद्दा. अपंग माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. परत लिहिते, उत्पन्नाची अट नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. त्यात अपंग व्यक्ती आहेत, महिला आहेत, मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, कारखान्यातले कामगार आहेत, या कोणालाच उत्पन्न विचारायचं नसतं. दाखला अजून हातात आला नसेल आणि यातल्या दुसऱ्या कशातच बसत नसाल तरच उत्पन्न बघतात, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपर्यंत.

जायचं कुठे तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फोन करायचा तर १५१००. मी गेले तेव्हा टेबलामागच्या बाईंनी सवयीने विचारलं, उत्पन्नाचा दाखला आणलाय का? तहसीलला परत जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस गेला असता. त्यांच्याच मागे भिंतीला भलामोठा बोर्ड होता, कोणाकोणाला मोफत मदत मिळते त्याचा, मी काही न बोलता त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान वळवून वाचला, आणि हसल्या, म्हणाल्या बरं द्या अपंगाचा दाखला नी आधार. भांडण नाही काही नाही. तर बोर्ड वाचून जा.

तिथे साधा अर्ज भरायचा, काय झालं, कोणाविरुद्ध, काय पाहिजे. त्यांच्या पॅनलवरचा वकील नेमून देतात, त्याची फी प्राधिकरण देतं, कोर्ट फी आणि कागदांच्या नकलांचा खर्चही त्यातच. पॅनलवरचा एखादा तुम्हाला माहीत असेल तर नाव सुचवता येतं, मिळेलच असं नाही. त्या वकिलाने तुमच्याकडून चहाचे सुद्धा मागायचे नाहीत, मागितले तर सचिवांना लेखी कळवा, सचिव म्हणजे तिथले न्यायाधीशच असतात. अर्ज नाकारला तर अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे अपील आहे. आणि गावातून उठून इतकं लांब जाणं शक्यच नसेल तर जवळच्या सीएससी केंद्रातून (ऑनलाइन सरकारी कामं करून देतात ते) टेली-लॉमधे पॅनलच्या वकिलाशी व्हिडिओवर नाहीतर फोनवर बोलता येतं, फुकट, केस ते लढत नाहीत पण तुम्ही कुठल्या दारात उभं राहायचं तेवढं नीट सांगतात.

लोक म्हणतात फुकटचा वकील म्हणजे कामाचा नाही. खरं सांगू का, काही तसे असतात. पण पैसे घेणारेही तसे असतात, आम्ही आधी तसाच एक गाठला होता, त्याचं आता सांगते.

पहिले वकील साहेब ओळखीतून मिळाले. चेंबर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादा कुबड्यांवर. मी विचारलं तर म्हणाले पेशंटला आणायची गरज नाही, तुम्हीच येत जा, सह्या घरून करून आणा. तेव्हा मला तो मोठेपणा वाटला, काय समजूतदार माणूस. नंतर कळलं की ज्याचा पाय गेलाय त्याला एकदाही न भेटता त्याची केस लिहिली गेली, आणि लिहिलं काय तर दाखल्यावर ६० टक्के म्हणून कमाईचं नुकसान ६० टक्के. झालं. आम्हाला काय कळतंय, आम्ही सही करून मोकळे.

दुसऱ्या वकील, या पॅनलच्या, त्या खाली उतरून चहाच्या टपरीवर आल्या कारण दादाला चढता येत नव्हतं. त्यांनी फाईल उघडलीच नाही आधी. दादाकडे बघून विचारलं, तुम्ही काम काय करायचात? टेंपो कोणाचा, स्वतःचा का मालकाचा? क्लच कुठल्या पायाने दाबायचा नी ब्रेक कुठल्या? दादा म्हणाला ब्रेक नी ॲक्सिलरेटर उजव्याने. म्हणाल्या मग साठ टक्के कसं, तुमचं तर शंभर टक्के काम गेलं की.

इथे जरा थांबते कारण हा मुद्दा लाखांचा आहे. दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे शरीराची. क्लेममधे बघायचं असतं ते कमावण्याची ताकद किती गेली ते, आणि हे दोन आकडे एक नसतात. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे अगदी उदाहरण देऊन सांगितलंय, डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साठेक टक्के धरतील, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, आणि सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर कदाचित काहीच जात नाही. आणि त्याच निकालात आणखी एक, नुसता दाखला जोडून चालत नाही, ज्या डॉक्टरने उपचार केले किंवा तपासलं त्याची साक्ष व्हायला पाहिजे. आमच्या पहिल्या साहेबांच्या साक्षीदारांच्या यादीत डॉक्टरच नव्हता!

म्हणून वकील पारखायचा असेल तर तुम्ही प्रश्न विचारण्यापेक्षा तो कुठले प्रश्न विचारतो ते ऐका. आधी काम काय करायचे हे विचारतो का. पगाराची स्लिप नाही म्हटल्यावर सोडून देतो, का लायसन, मालकाचं पत्र, बँकेत जमा होणारे पैसे, फोनवर आलेलं भाडं असं काही शोधतो. कृत्रिम पायाचं विचारतो का, कारण तो एकदा बसवला की संपलं असं नसतं, दर काही वर्षांनी बदलावा लागतो नी तो पुढचा खर्चही मागता येतो. आणि बोलतो कोणाशी, खुर्चीतल्या अपंग माणसाशी का त्याच्या डोक्यावरून तुमच्याशी. ऐकू न येणारं माणूस असेल तर खुणांची भाषा येणारं कोणी सोबत घ्यायचं त्यानेच सुचवलं पाहिजे. मनोरुग्ण असेल तर त्यालाही समोर बसवून ऐकणारा पाहिजे, घरचे सांगतात तेच खरं धरणारा नको.

खाजगी वकीलच करायचा ठरवला असेल तर एक दिवस सरळ कोर्टात जाऊन बसा. अपघाताच्या केसेस चालतात त्या हॉलमधे मागच्या बाकावर, कोणी हाकलत नाही. दोन तासांत कळतं कोण कागद वाचून आलंय, कोण पुढची तारीख मागतंय आणि कोणाच्या ज्युनिअरलाच सगळं माहीत आहे. जाहिराती बघून वकील करू नका, मुळात वकिलाला जाहिरात करायची परवानगीच नाही, बार कौन्सिलच्या (वकिलांची नोंदणी नी शिस्त बघणारी संस्था) नियमात बसत नाही, तेव्हा अपघाताच्या वॉर्डात कार्ड वाटणारा माणूस एकतर वकील नाही किंवा नियम मोडणारा वकील आहे. वकील आहे का याची खात्री करायची तर सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा नंबर विचारा, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो, सुरुवातीला एमएएच मग आकडा मग वर्ष. खरा वकील चटकन सांगतो. जो चिडतो त्याला नमस्कार करून निघा.

फीबद्दल सगळ्यात जास्त घोळ. क्लेम मिळेल त्याच्या वीस टक्के, पंचवीस टक्के, आत्ता काही देऊ नका, असं सर्रास बोलतात आणि गरीब माणसाला ते बरंच वाटतं, आत्ता खिशातून जात नाही ना. पण निकालावर टक्के लावून फी ठरवायला वकिलाला बंदी आहे, तोही नियमच आहे. आणि याच टक्क्यांसाठी कोऱ्या चेकवर सह्या घेतात. नका देऊ. कोऱ्या स्टँपपेपरवर नको, कोऱ्या चेकवर नको, एटीएम तर मुळीच नको, क्लेमचे पैसे खात्यात यायचे असतात, ते खातं दादाचं आहे आणि पासबुक दादाच्या उशाशी आहे. सही फक्त वकीलपत्रावर आणि भरलेल्या, वाचलेल्या अर्जावर, त्याची झेरॉक्स लगेच आपल्याकडे. फी किती, कुठल्या टप्प्याला किती, टायपिंग नी इतर खर्च त्यात का वेगळा, हे एका कागदावर लिहून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर मेसेज करून त्यांचा होकार घ्या.

केस दाखल झाली की सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा कोर्टातला ओळख नंबर मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपमधे तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. आम्हाला पहिले साहेब सांगायचे जज रजेवर होते, ॲपमधे बघितलं तर अर्जदाराचे वकील गैरहजर. एकदा नाही, तीनदा.

वकील बदलायची वेळ आली तर घाबरू नका, आम्ही चार महिने नुसत्या भिडेपोटी काढले. नवा वकील जुन्याची ना हरकत मागतो, ती बऱ्याचदा एका फोनवर मिळते. फी बाकी आहे म्हणून कागद देत नाही म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा, सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या केसमधे म्हटलंय की फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, फी त्यांनी वेगळ्या मार्गाने वसूल करावी. तरी देत नसतील तर बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार होते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, कलमाचं नाव घेतल्यावर संध्याकाळी त्यांच्या ऑफिसचा मुलगा फाईल आणून दारात देऊन गेला, वर पाणी पिऊन गेला.

फाईल म्हणाल तर कापडी पिशवी नको, प्लॅस्टिकची बटणवाली घ्या, पावसाळ्यात कोर्टात नेताना आमच्या डिस्चार्ज कार्डाची शाई पसरली होती. ओरिजिनल कोणालाच द्यायचं नाही, वकिलालाही नाही, कोर्टात दाखवायच्या दिवशी आपण घेऊन जायचं. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज, सगळी बिलं (औषधाची बिलं दोन महिन्यांत पांढरी पडतात, आधी झेरॉक्स मारा), दाखला, लायसन, अपघाताआधीचा नी नंतरचा एकेक फोटो. आणि सगळ्यांचे फोटो काढून फोनमधे एका ग्रुपवर टाकून ठेवा ज्यात घरातले दोघं-तिघं आहेत.

आमच्या केसमधे डॉक्टरांचं नाव आता यादीत घातलंय, पुढच्या तारखेला त्यांची साक्ष आहे. वकील बाई म्हणाल्या दादाला पण आणा, आणि जुना टेंपोचा फोटो असेल तर तो आणा, ज्यात तो स्टिअरिंगवर बसलाय. एक सापडलाय, गणपतीच्या मिरवणुकीतला, गुलालाने अर्धा लाल झालेला, पण पाय दोन्ही दिसतात.